वस्ताद सवाईला जातात

उघड्यावरच्या कार्यक्रमांबाबत कोल्हापूरकराला कुणी शिकवायला जाऊ नये. गणपतीची मिरवणूक असो, जोतिबाची यात्रा असो, शाहू स्टेडियमवरचा फुटबॉल असो की निवडणुकीचा गुलाल, आमचं सगळं आभाळाखाली चालतं. संगीतसुद्धा. उघड्यावरच्या संगीताचे आमच्याकडे दोन प्रकार आहेत: हलगी आणि डॉल्बी. हलगी आपल्या छातीत वाजते, डॉल्बी शेजाऱ्याच्या खिडकीच्या काचेत. दोन्ही उभ्यानं ऐकायची. मांडी घालून, गप्प बसून गाणं ऐकायचं असेल तर त्यासाठी देवल क्लब आहे, आणि ज्यांना तिकडं जायचं असतं ते जातात. बाकीचं कोल्हापूर त्यांना आडवं जात नाही.

आमच्या पेठेतल्या तालमीचे वस्ताद या बाकीच्या कोल्हापुरात मोडतात. पुण्यातल्या भाच्याचा त्यांना फोन आला, ‘मामा, सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाचे दोन पास आहेत, मला कंपनी बेंगळुरूला पाठवतीय, तुम्ही जा.’ वस्तादांनी आधी पास केवढ्याचे ते विचारलं, आकडा ऐकला आणि पास वाया जाणार नाहीत असं तिथल्या तिथं जाहीर केलं. सोबतीला माझी निवड झाली. कट्ट्यावरच्या रेडिओवर शास्त्रीय गाणं लागलं की स्टेशन न बदलणारा मी एकटाच, एवढीच माझी पात्रता.

भाच्यानं मोबाईलवर कार्यक्रमपत्रिका पाठवली होती. वस्तादांना वाचनाची सवय कुस्तीच्या हँडबिलांची. त्यांनी चष्मा लावला आणि वरून खाली बोट फिरवत आले.

“ल्हान पोरं आधी, मोठी मागनं. एक नंबरची कुस्ती शेवटाला. बरोबर लावलंय.” मग आणखी खाली सरकले. “तबला, पेटी, तंबोरा. व्हय. आन् इनाम? इनाम कुठं लिवलंय?”

“इनाम नसतं वस्ताद.”

“मग निकाल कसा लागतोय, मास्तर?”

हा प्रश्न घेऊन आम्ही एसटीत बसलो. पुण्यात मिसळीवर बोलायचं नाही, हे कऱ्हाडच्या अलीकडंच ठरवून घेतलं. माणूस भांडणं तरी किती ठिकाणी करणार?

रस्त्याचं काम सुरू होतं आणि ते आमच्या हयातीत संपेल अशी लक्षणं दिसत नव्हती, त्यामुळं बोलायला वेळ भरपूर होता. मी वस्तादांना म्हटलं, गाणं आणि कुस्ती आपल्याकडं एकाच घरात वाढली. शाहू महाराजांनी खासबागेचं मैदान केलं ते १९१२ मध्ये, आणि त्याला पाठ लावून १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. (८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तेव्हा नाटकाचं तिकीट जन्मात न काढलेले पैलवानही रस्त्यावर रडत उभे होते. त्यात वस्ताद होते, हे ते कबूल करत नाहीत.) त्याच महाराजांच्या दरबारी अल्लादियाखाँसाहेब गवई होते. म्हणजे पैलवानाचा आणि गवयाचा पगार एकाच खजिन्यातून.

“खुराक कुणाला जास्त?” वस्तादांनी विचारलं.

खुराकाचा विषय निघाला की वस्ताद बदामापासून सुरू करून तुपापर्यंत जातात, आणि तोवर सातारा मागं पडतं. म्हणून मी घाईघाईनं खाँसाहेबांच्या आवाजाकडं वळलो. खाँसाहेब मूळचे राजस्थानातले, उणियाऱ्याचे. तरुणपणी कुठल्याशा दरबारी मर्जीखातर दिवसचे दिवस गात राहिले आणि आवाज बसला. परत आला, पण पहिल्यासारखा नाही. मग त्या आवाजाला झेपेल अशी नवी गायकी त्यांनी बांधली. सरळ धावत सुटणारी तान सोडली. वळणं घेत जाणारी, पुढं कुठं निघेल याचा पत्ता लागू न देणारी तान धरली. त्यालाच आज जयपूर-अत्रौली घराणं म्हणतात. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर त्यांच्याच शिष्या. मल्लिकार्जुन मन्सूर खाँसाहेबांच्या मुलांकडं शिकले.

वस्ताद खिडकीबाहेर बघत ऐकत होते. मग म्हणाले, “खांदा निखळल्यावर पैलवानाचं असंच हुतंय. ताकदीवर खेळायचं सोडायचं आन् डाव बदलायचा. समोरच्याला कळायच नगं आपण कुठनं आत शिरतोय.” आणि थोड्या वेळानं, “खाँसाहेब शाणा माणूस हुता.”

जयपूर घराण्याच्या वैशिष्ट्यांवर मी जी पुस्तकं वाचली आहेत, त्यांच्या लेखकांना खांदा निखळण्याचा अनुभव नसावा.

स्वारगेटला उतरलो आणि तिथून चालत मुकुंदनगर गाठलं. महोत्सव १९५३ पासूनचा. सवाई गंधर्व म्हणजे रामभाऊ कुंदगोळकर गेले आणि पुढच्याच वर्षी शिष्य भीमसेन जोशींनी गुरूच्या नावानं हा उत्सव सुरू केला. किती तरी वर्षं तो रमणबागेत व्हायचा, २०१८ पासून इथं, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात. कमानीवरचा भीमसेनांचा फोटो बघून वस्ताद थबकले. त्यांना भीमसेन माहीत होते ते ‘मिले सूर मेरा तुम्हारा’मधून. “ह्यो गडी खांद्यानं गायचा,” असं ते तेव्हाही म्हणाले होते म्हणे. क्रीडासंकुल हा शब्द वाचून त्यांना आणखी धीर आला. चपला काढून ते ज्या चालीनं मांडवात शिरले, ती आखाड्यात उतरायची चाल होती. उजवा हात जमिनीला लावून कपाळाला नेला, तेव्हा दारातल्या स्वयंसेविकेनं घाईघाईनं त्यांना नमस्कार केला. कुणी मोठे बुवा असावेत अशी तिची समजूत झाली.

आमचे पास भारतीय बैठकीचे. पुण्यात भारतीय बैठक म्हणजे सतरंजीवर सतरंजी, त्यावर चटई, चटईवर चादर, चादरीवर एक पिशवी, आणि माणूस नाही. वस्तादांनी एक मोकळी चादर बघून बैठक मारली. बाजूला मफलर गुंडाळलेले एक काका होते. मांडीवर वही, वहीत पेन.

“अहो, इथं बसलेत,” काका म्हणाले.

“कोण?”

“येणार आहेत.”

“मग आले की उठतो की.”

“पण त्यांनी जागा धरलीय.”

वस्तादांनी चादरीकडं बघितलं, पिशवीकडं बघितलं. “काका, खासबागेत आमी टॉवेल टाकतो. पर टॉवेलाच्या शेजारी धरणारा बसलेला असतोय. नुसता टॉवेल आला आन् माणूस न्हाई, तर त्या टॉवेलानं घाम पुसत्यात.”

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि वस्तादांच्या मानेकडं बघून मिटलं. ती माणसं शेवटपर्यंत आली नाहीत. मांडव भरत गेला तरी चादरीच्या मालकांचा पत्ता नव्हता, आणि पुढं पुढं तर दुसरं कुणी टेकायला आलं की काकाच म्हणू लागले, “अहो, इथं वस्ताद बसलेत.”

गवयी आले, बसले आणि जुळवाजुळव सुरू झाली. तंबोऱ्याची खुंटी पिळायची, तार छेडायची, कान लावायचा, परत पिळायची. बराच वेळ. न्यूयॉर्कमध्ये १९७१ च्या बांगलादेशासाठीच्या जलशात रविशंकरांची सतार जुळवून झाली आणि हजारो अमेरिकनांनी टाळ्यांचा कडकडाट केला, गाणं झालं असं समजून. वस्ताद तसे फसले नाहीत. “लंगोट बांधतायत,” एवढंच म्हणाले.

मी हळूच सांगितलं की हे तंबोरे बहुधा आपल्या शेजारचेच, मिरजेचे. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूनं, तो वाळवायचा, कापायचा, त्याला लाकडी दांडी जोडायची, जव्हारी लावायची, हे काम मिरजेत पिढ्यान् पिढ्या चालतं, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. वस्तादांनी काकांना कोपर मारलं. “सामान आमच्याकडचं हाय बरं का.”

मग विलंबित एकताल सुरू झाला. ज्यांनी ऐकला नाही त्यांच्यासाठी सांगतो: यात मात्रा बाराच, पण एकेक मात्रा इतकी लांब की एक आवर्तन पुरं व्हायला मिनिटभर लागू शकतं. गवयी एक स्वर लावतो, सोडतो. पुन्हा त्याच्याच आजूबाजूला घुटमळतो. वर जाणार असं वाटतं आणि खाली येतो. पहिल्यांदा आलेल्या माणसाची झोप लागते ती इथंच. मागच्या खुर्च्यांवर काही जण लागलेही होते त्या कामाला. मी वस्तादांकडं भीतभीतच बघितलं. ते पुढं झुकून, डोळे बारीक करून बघत होते.

“खडाखडी चाललीय,” ते कुजबुजले.

खडाखडी म्हणजे कुस्तीचा तो भाग, जो नवख्याला कंटाळवाणा वाटतो आणि जाणकार त्यासाठीच मैदानात येतो. दोघं एकमेकांच्या मानेवर हात टाकतात, मनगट धरतात, सोडतात, ढकलून बघतात. होत काहीच नाही. पण समोरचा कुठल्या पायावर वजन टाकतोय, दम किती आहे, कुठं कच्चा आहे, हे सगळं तेव्हाच कळतं. वस्तादांच्या मते गवयी रागाची मान दाबून बघत होता. “घाई न्हाई बगा त्येला. चांगल्या तालमीतला हाय.”

काकांनी हे ऐकलं आणि वहीतून मान वर केली. ती वही बघण्यासारखी होती. पानावर पाच रकाने आखलेले: कलाकार, राग, ताल, अवधी आणि शेरा. शेऱ्याच्या रकान्यात ‘बरा’, ‘ठीक’, आणि क्वचित ‘बरा (!)’. आमच्याकडंही अशी माणसं आहेत, फक्त ती लिहीत नाहीत. कुठल्या यात्रेत कुणी कुणाला कितव्या मिनिटाला कुठल्या डावावर पाडलं, हे त्यांच्या तोंडावर असतं आणि त्यावरून अजून भांडणं होतात. काकांनी पेन उघडलं आणि विचारलं, “खडाखडी, ह्रस्व का दीर्घ?”

खरा घोळ पुढं झाला. मध्यलय सुरू झाली तशी आजूबाजूची माणसं मांडीवर हात आपटू लागली. एक टाळी, दोन टाळी, हात उलटा, पुन्हा टाळी. शेकडो माणसं, शेकडो मांड्या. वस्ताद मागं वळून बघायला लागले, मग डावीकडं, मग उजवीकडं. त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“मास्तर, एवढी माणसं शड्डू ठोकाय लागल्यात. कुस्ती हाय कुणाकुणाची?”

काकांनी ताल समजावून सांगितला. तीनताल, सोळा मात्रा, चार-चारचे चार भाग, तिसऱ्या भागावर हात उलटा म्हणजे खाली, आणि फिरून पहिल्या मात्रेवर आलो की सम. गवयी कुठंही भटको, कितीही लांब जावो, त्यानं समेवर यायचं. दाद द्यायची तीही तिथं. वस्ताद बोटं मोजत बसले. दोन-तीन आवर्तनं चुकली. मग त्यांना सापडली, आणि सापडल्याबरोबर निकालाचा तो एसटीतला प्रश्नही सुटला. “म्हंजे समेला पाठ टेकती!”

त्यानंतर त्यांना आवरणं माझ्या हातात राहिलं नाही. गवयानं वरच्या षड्जापासून एक तान सोडली. ती तीन वळणं घेऊन खाली आली, तबलजीनं तिला आडवं जाऊन बघितलं, आणि दोघं समेवर असे येऊन आदळले की वस्तादांनी गुडघ्यावर उठून उजव्या मांडीवर शड्डू ठोकला. नुसती थाप नव्हे, शड्डू. खोलगट तळहाताचा, तालमीतला. मांडव दणाणला. मागचे झोपलेले उठले. आणि तोंडातून शब्द गेला, “शाब्बास रं वाघा!”

क्षणभर सगळं पुणं आमच्याकडं बघत होतं. माझ्या पोटात गोळा आला. पण गवयानं हसून आमच्या दिशेला मान लववली आणि पुढची तान आणखी जोरकस घेतली. हलगी कडाडल्यावर पैलवानाच्या अंगात जे येतं ते गवयाच्याही अंगात येत असणार. काकांनी वहीत शेरा लिहिला. मी डोकावलो. ‘बरा (!!)’.

तबला-पेटीची सवाल-जवाबाची जुगलबंदी मात्र वस्तादांना पटली नाही. तबलजीनं एक तुकडा वाजवला, पेटीवाल्यानं तोच काढला, मांडवानं टाळ्या वाजवल्या, दोघं एकमेकांकडं बघून हसले. “नुरा हाय ही,” वस्ताद म्हणाले. “आधी ठरवून आल्यात.” काका म्हणाले की तसं नसतं, हे उत्स्फूर्त असतं. वस्ताद म्हणाले, पाडणारा आणि पडणारा दोघंही हसत असले की मैदानात लोक पैसे परत मागतात.

त्यांचा जीव जडला तो भलत्याच माणसावर. गवयाच्या मागं तंबोरा घेऊन बसलेला विशी-बाविशीचा पोरगा. त्याच्याकडं कुणी बघत नव्हतं. मधल्या बोटानं पहिली तार, तर्जनीनं उरलेल्या तीन, पुन्हा मधलं बोट. थांबायचं नाही, जोर वाढवायचा नाही, मांडी मोडायची नाही. मधे एकदा त्यानं तंबोरा तसूभर न हलवता सगळं वजन एका कुल्ल्यावरून दुसऱ्यावर नेलं. मी ते बघितलंच नव्हतं. वस्तादांनी बघितलं आणि जीभ टाळ्याला लावून ‘च्यक’ केलं. “पाय मेलाय त्येचा. आता मुंग्या चढत्यात. तरी हात बगा.” गाणं संपून पडदा पडायच्या आधी तो पोरगा उठताना एका हातानं खांब धरून उभा राहिला, तेव्हा अख्ख्या मांडवात त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारा माणूस एकच होता.

मध्यंतरात चहा. काकांनी आता वस्तादांचा ताबा घेतला होता. पूर्वी म्हणे रात्रभर गाणं चालायचं. दरबारी मध्यरात्री, ललत पहाटे. रात्री दहानंतरच्या ध्वनिवर्धकाचे नियम आले तेव्हापासून दुपारीच सुरू करावं लागतं. भीमपलास, मुलतानी, मधुवंती ऐकायला मिळतात हे खरं, पण पहाटेचे राग गेले ते गेलेच, असं सांगताना काकांचा आवाज जड झाला. “पहाटेपर्यंत ऐकत बसायचो आम्ही. पहाटे साडेपाचला घरी जाऊन झोपायचो.”

“पैलवान चारला उठून जोर मारतोय,” वस्ताद म्हणाले. “तवा तुमी झोपाय निघालेला. म्हनूनच कदी गाठ पडली न्हाई.”

काकांनी मग जगभरचे महोत्सव काढले. १९६९ मधलं अमेरिकेतलं वुडस्टॉक. एका गवळ्याच्या शेतावर चार लाख तरुण जमले, धो धो पाऊस पडला, सगळं शेत चिखल झालं, पोरं त्यात लोळली, आणि त्या पावसात रविशंकर सतार वाजवत होते, साथीला अल्लारखाँ. रविशंकरांना तो प्रकार मुळीच आवडला नव्हता, हे काकांनी विशेष समाधानानं सांगितलं. त्यांचा सगळा रोख पुण्याच्या शिस्तीकडं होता. वस्तादांचा मातीकडं.

“चिखलात लोळली? नुसत्या?”

“नुसत्या.”

“ताक न्हाई, तेल न्हाई, हळद न्हाई, कापूर न्हाई?” वस्तादांनी कपाळाला हात लावला. “कातडीचा इस्कोट झाला आसंल पोरांच्या.”

रात्री शेवटचं गाणं झालं, एक नंबरची कुस्ती निकाली निघाली. वस्ताद चादरीची घडी घालू लागले. घडी घातल्यावर ती आपली नाही हे ध्यानात आलं, तेव्हा ती काकांच्या हवाली केली. पत्ते-फोन झाले. वस्तादांनी खासबागेचं आमंत्रण दिलं. पुण्यात ‘या एकदा’ला जो अर्थ असतो तो कोल्हापुरात नसतो, हे काकांना ठाऊक नसावं. दोन महिन्यांनी वस्तादांनी त्यांना फोन करून कुठली एसटी धरायची तेच सांगितलं.

काका आले. मफलर, बसायला उशी आणि वही. खासबागेचा गोल बघून हरखले, एवढ्या उतारावर कुणाचंच डोकं कुणाच्या आड येत नाही, हे बघून “ध्वनियोजना कुणाची?” असं विचारते झाले. हलगीवाल्यानं तेवढ्यात कडकडाट केला आणि त्यांचं त्यांना उत्तर मिळालं. एक नंबरची जोड मातीत उतरली. सलामी झाली. दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात टाकले, मनगटं धरली, सोडली, एक पाऊल मागं, एक पुढं. भोवती हजारो माणसं, सगळी चिडीचूप, कुणी पापणी हलवत नव्हतं.

“वा!” काका म्हणाले. “क्या बात है!”

आसपासचे दहा-बारा फेटे आणि टोप्या वळून त्यांच्याकडं बघू लागल्या. एका म्हाताऱ्यानं वस्तादांना विचारलं, “काय झालं रं त्यास्नी? आजून कायबी झालं न्हाई की.”

“पुण्याचं हाईत,” वस्ताद म्हणाले. “आलापीला दाद देत्यात.”